सभासद काढणे आहे

मराठीचा प्राध्यापक म्हणजे गावाचा बिनपगारी लेखनिक, ही गोष्ट मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकली. इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे लोक जरा दबकून जातात, गणिताच्या प्राध्यापकाकडे तर जातच नाहीत. पण मराठी सर्वांचीच असल्यामुळे तिचा प्राध्यापकही सर्वांचाच! लग्नपत्रिकेचा मसुदा, सेवानिवृत्तांचे मानपत्र, गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकावरच्या दोन ओळी, कोणाच्या वर्षश्राद्धाचे निवेदन. बुलढाण्यात गेल्या वीस वर्षांत मी काय काय लिहिले याची यादी केली, तर ती माझ्या शोधनिबंधांच्या यादीपेक्षा कितीतरी लांब भरेल. (आणि वाचकही तिलाच अधिक लाभले असतील.) माणसाला काढून टाकण्याचा मजकूर मात्र मी या पावसाळ्यापर्यंत कधी लिहिला नव्हता.

आषाढातली संध्याकाळ होती. पाऊस नुकताच ओसरला होता. एका मोटारसायकलवरून दोघे गृहस्थ आमच्या दारात उतरले. एकाच्या हातात कागदांची पिशवी आणि दुसऱ्याच्या हातात ओली पिशवी. ओल्या पिशवीतून एक शेपटी बाहेर डोकावत होती.

शहरातल्या वाचकांना वाटेल, बुलढाण्यात मासा कुठला? समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर, हे खरे. पण आमच्या जिल्ह्यात नळगंगा आहे, पेनटाकळी आहे, खडकपूर्णेचा मोठा जलाशय आहे, आमच्या गावाला पाणी पाजणारे पैनगंगेवरचे येळगावचे धरण आहे. लहानसहान तलाव तर विचारूच नका. या पाण्यातल्या मासेमारीचा ठेका सरकार बहुधा तिथल्याच मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला काही वर्षांच्या मुदतीने देते. संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, दर पावसाळ्यात माशांचे बीज आणून सोडायचे, रात्रीचा पहारा ठेवायचा आणि मग सभासदांनी मासे धरायचे. आलेले पाहुणे अशाच एका संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव होते. कोणत्या तलावाची, ते मी सांगणार नाही. त्या गावात मला पुन्हा जायचे आहे.

“सर,” अध्यक्ष खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले, “आमाले तीन मेंबर काढाचे हायेत. एक जोरदार नोटीस लिहून द्या. वाचली का मानूस जागीच बसला पायजे.”

मी काही बोलण्याच्या आत ओली पिशवी आत गेलीसुद्धा. आमच्या घराण्यात मासा पूर्वी फक्त दशावतारातच येत असे, पण सौ. रत्नागिरीकडची. लग्नानंतर स्वयंपाकघरात एक वेगळी कढई आली आणि मीही हळूहळू बाटलो. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मीठ विसरलेली आमटी, असे ती माहेरच्या माणसांपुढे म्हणते. बुलढाण्यात मात्र रोहूचा डोळा किती ताजा आहे हे तीच निरखून पाहते. आतून भांड्यांचा आवाज आला तेव्हाच मी ओळखले, की आपले वकीलपत्र दाखल झाले!

तिघांपैकी एक जण बरीच वर्षे पुण्याला नोकरी करीत होता. पाहऱ्याला नाही, बीज सोडायला नाही. हिशोबाच्या दिवशी मात्र पहिल्या गाडीने हजर. दुसऱ्याने आपल्या नावावर मेव्हण्याला तलावात उतरवले होते. तिसऱ्याचे प्रकरण मात्र गंभीर होते. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. वय पासष्टीच्या पुढे, झोपडी धरणाच्या भिंतीला लागून. मृगाच्या सुमारास एका पहाटे ते बारीक आसाचे जाळे टाकताना सापडले होते, आणि जाळ्यात होती बोटुकली.

बोटुकली हा शब्द मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हता. (आमच्या कोशकारांनी बरीच माणसे हिंडून पाहिली, पण तलावाच्या काठाला ती फारशी गेली नसावीत.) बोटाएवढे झालेले माशाचे पिल्लू ते बोटुकली. सचिव तरुण आणि समजूतदार होता. त्याने मला मास्तराच्या थाटात समजावून सांगितले, की कटला, रोहू, मृगळ ही मंडळी वाहत्या नदीत अंडी घालतात. कोंडलेल्या पाण्यात त्यांचा संसार वाढत नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुल येथे इंजेक्शन देऊन हे मासे कोंडलेल्या पाण्यात अंड्यावर आणण्याची युक्ती साधली, म्हणून आज देशभर बीज विकत मिळते. १० जुलै हा दिवस त्याचसाठी मत्स्य शेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. म्हणजे तलावातला मासा हा देवाने दिलेला नसतो, साठ-सत्तर घरांनी पदरचे पैसे घालून पेरलेला असतो. बोटुकली धरणे म्हणजे सामायिक शेतातले कोवळे कणीस रात्री खुडून नेणे.

“समजलं,” मी म्हणालो आणि लेखणी घेऊन बसलो. तासाभरात कागद तयार झाला. ‘संस्थेच्या हितास बाधक व विघातक असे आपले वर्तन’ हे शब्द मी दोनदा मोठ्याने वाचले. अध्यक्ष खूष झाले. “वजन हाये,” ते म्हणाले. सचिवाने हळूच विचारले, “सर, बाधक म्हंजे?”

आतून सौ. म्हणाली, “अहो, ज्यांना पाठवायची त्यांना तरी कळणार आहे का?”

त्या वेळी मी तिकडे दुर्लक्ष केले. लेखकाला वाचक कळू लागला की त्याची शैली बिघडते, असे माझे तेव्हा मत होते.

तरीही खबरदारी म्हणून कागद आमच्या एका वकील मित्राला दाखविला. तो चष्म्यावरून पाहत म्हणाला, “प्राध्यापक, हा ललितलेख उत्तम आहे. पण याने माणूस निघत नाही.” मग त्याने पुस्तक काढले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ३५. सभासद काढायचा तर त्याच कामासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. हजर असलेल्या आणि मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी निदान तीन चतुर्थांशांनी ठरावाच्या बाजूने मत द्यावे लागते. मंजूर झालेला ठराव निबंधकाने मान्य केल्याखेरीज अमलात येत नाही. एकदा निघालेल्याला वर्षभर पुन्हा आत येता येत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, ज्याला काढायचे त्याला निदान एक महिन्याची नोटीस देऊन सभेपुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ती दिली नाही तर ठरावच फोल.

“भागीदारीत तर याहून कठीण,” तो पुढे म्हणाला. “१९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३३ पाहा. करारात तसा अधिकार लिहून ठेवलेला नसेल, तर बहुमताने भागीदाराला काढताच येत नाही. आणि लिहिलेला असला तरी तो शुद्ध हेतूनेच वापरावा लागतो.”

हा कायदा मी अध्यक्षांना फोनवर सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. “महिनाभर थांबाचं? अन् वरून त्याचंच ऐकाचं?” शेवटी ते उसळून म्हणाले. “ऐकाचं काय त्याच्यात? साऱ्या गावाले मालूम हाये! त्याच्यापरीस गावानं त्याच्याशी बोलणंच बंद केलं तर?”

तीही वाट आता बंद आहे, हे मला त्यांना सांगावे लागले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला आहे. एखाद्याला वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. अध्यक्षांनी फोन ठेवला. ते माझ्यावर रागावले की सरकारवर, हे कळले नाही.

परंतु अध्यक्षांना एकट्यालाच हसण्यात अर्थ नाही. आपण सुशिक्षित माणसे तरी काय करतो? मला आमच्या आजोबांची गोष्ट आठवली.

आजोबा खामगावला वकिली करीत आणि सवड मिळाली की शिकार. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा तेव्हा व्हायचा होता. वनखाते शिकारीसाठी रानाचे ब्लॉक पाडून ठराविक मुदतीचा परवाना देई. कोणते जनावर आणि किती मारायचे, ते परवान्यावरच लिहिलेले असे. आजोबा आणि त्यांचे चार मित्र मिळून सातपुड्याच्या पायथ्याचा एखादा ब्लॉक घेत. आज त्या बाजूला अंबाबरवाचे अभयारण्य आहे आणि बंदूक घेऊन तिकडे पाऊल टाकणारा थेट तुरुंगात जाईल. त्या पाचांत एक डॉक्टर होते. माणूस मोठा दिलदार, पण बंदूक हाती आली की उतावळा. दुसऱ्याच्या पाळीला स्वतः बार काढायचा, परवान्यात नसताना मादीवर झाडायची, न विचारता दोन पाहुणे बरोबर आणायचे. एकदा त्यांची गोळी एका हाकाऱ्याच्या कानाजवळून गेली. त्या रात्री चौघांनी ठरवले, की आता पुरे.

ठरवले, पण सांगितले कोणीच नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना निरोपच धाडला नाही. डॉक्टरांना मात्र कुठून तरी वार कळला असावा. पहाटे चार वाजता ते नेहमीच्या कोपऱ्यावर, नगरपालिकेच्या दिव्याखाली, खांद्याला बंदूक आणि हातात डबा घेऊन उभे राहिले. जीप मागच्या गल्लीने निघून गेली. आजोबा ही हकीकत पूर्वी हसत सांगत. आम्ही मुलेही हसत असू. पुढे पुढे मात्र दिव्याच्या खांबापर्यंत आले की ते थांबत आणि विषय बदलत. मी एकदा विचारले होते, “आजोबा, त्यांना सांगितलं का नाही?” तर म्हणाले, “तोंडावर कसं सांगायचं रे?” दोघेही त्यानंतर तीस वर्षे त्याच गावात राहिले. आपला गुन्हा कोणता, हे डॉक्टरांना अखेरपर्यंत कोणी सांगितले नाही.

आमच्या मध्यमवर्गात माणूस काढण्याची हीच रीत अजून चालू आहे. भिशीतून कोणाला काढायचे असले की बायका ती भिशी बंद करतात आणि पुढच्या महिन्यात नवी सुरू करतात. हौशी नाट्यमंडळ एखाद्याला काढत नाही. त्याला शोभेल अशी भूमिकाच नाटकात नसते. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट आपली वेळ सहावरून साडेपाचवर आणतो आणि एकालाच कळवायला विसरतो. मोबाइलवरच्या गटाने तर सगळेच सोपे केले आहे. अंगठा टेकवला की माणूस बाहेर, आणि कोणी विचारलेच तर, “अरे, चुकून झालं असेल!” आपल्याला माणूस नको असतो, एवढेच नव्हे, त्याचे तोंडही पाहायचे नसते.

अथेन्सच्या लोकांनी तर याची शासकीय व्यवस्थाच केली होती. नको असलेल्याचे नाव खापरीवर खरडायचे. अशा सहा हजार खापऱ्यांची भरती झाली की त्या माणसाने दहा वर्षे नगराबाहेर राहायचे. घरदार, शेतीवाडी त्याचीच राही, पण आरोप नाही की बचाव नाही. ॲरिस्टायडीस नावाच्या सज्जन पुढाऱ्याची कथा प्रसिद्ध आहे. त्याला न ओळखणारा एक निरक्षर खेडूत आपली खापरी त्याच्याच हाती देऊन म्हणाला, “यावर ॲरिस्टायडीस असं लिहून द्या.” त्याने विचारले, “त्याने तुझं काय वाकडं केलं?” तो म्हणाला, “काही नाही हो. जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ते ऐकून कान किटले!” ॲरिस्टायडीसने मुकाट्याने आपले नाव लिहून दिले. ही कथा मी वर्गात बऱ्याच वेळा रंगवून सांगितली आहे. ती उलट बाजूने माझ्याच दारी येईल, असे वाटले नव्हते.

नोटिसा गेल्या. आठवड्याने बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी घरी आला. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, कमी बोलणारा मुलगा. फाटकाबाहेर एक म्हातारा गृहस्थ छत्री मिटून उभा होता. आत या म्हटले तरी आला नाही; पाय चिखलाचे आहेत म्हणाला.

“सर, बाबाले एक कागद आला. त्याईले वाचता येत नाही, अन् मले अर्थ लागत नाही. सांगता का?”

मी कागद उलगडला. माझाच होता.

वाचकहो, अशा वेळी माणसाने काय करावे? ‘हा मीच लिहिला’ हे तीन शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले. मी घसा साफ केला आणि माझ्याच नोटिशीचा अर्थ सांगू लागलो. ‘हितास बाधक’ म्हणजे सगळ्यांचे नुकसान करणारे, ‘कारण दाखवावे’ म्हणजे तुमचे म्हणणे काय ते सांगावे, असे एकेक करून. मुलगा वहीत उतरवून घेत होता. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या माणसाला मुलाने तिथूनच ओरडून सांगितले, “बाबा, म्हणते का तुमाले बोलू देतीन!” नाना काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली.

मग मुलगा म्हणाला, “सर, याचं उत्तर लिहून देता?”

मी दिले. न देऊन कोणाला सांगतो? रात्री जेवताना सौ. म्हणाली, “दोन्ही बाजूंचं वकीलपत्र! शाबास!” त्या दिवशी मासे नव्हते, पिठले होते, तरी घास उतरेना.

उत्तर मात्र मी पहिल्या कागदासारखे लिहिले नाही. नानांनी सांगितले तसेच लिहिले. जाळे बारीक आसाचे होते, हे खरे. बोटुकली धरली, हेही खरे. ती पलीकडच्या शेततळ्यासाठी एकाने मागितली होती. पैसे मिळाले ते घरातल्या दुखण्याला गेले. “कोनाचं दुखणं?” असे मी विचारले तेव्हा मुलाने नजर दुसरीकडे वळवली, म्हणून तेवढे गाळले. शेवटी नाना म्हणाले, “बाकीचं मी सभेतच सांगीन. कागदावर नाही.”

सभा पोळ्यानंतरच्या रविवारी गावच्या शाळेत भरली. अध्यक्षांनी मला आग्रहाने बोलावले होते. पण सभासद नसलेल्याने आत बसणे बरे नव्हे, अशी वकील मित्राची ताकीद होती. म्हणून मी बाहेर ओट्यावर बसलो. खिडक्यांना गज होते, पण तावदाने नव्हती. सगळे ऐकू येत होते. त्रेसष्टांपैकी सत्तेचाळीस सभासद हजर होते.

पुण्याचे गृहस्थ आले नाहीत, त्यांचे उत्तरही आले नाही. एकमताने निघाले. मेव्हणावाल्याने उभे राहून कान धरले, मेव्हण्याला पुन्हा पाण्यात उतरवणार नाही म्हणून शपथ घेतली, आणि अध्यक्षांनी तो ठराव मागे घेतला. (तो मेव्हणा अध्यक्षांच्याही नात्यातला निघाला, असे माझ्याशेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितले. खरेखोटे तो जाणे.) मग नानांची पाळी आली.

माझे उत्तर सचिवाने वाचले. थोडी कुजबूज झाली. नाना उठले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, म्हणून आतला गलका आपोआप थांबला.

“चुकलं,” ते म्हणाले. “दंड करा, भरीन. काढता तर काढा. पन एक सांगतो. मायी झोपडी भिंतीपाशी हाये म्हून पहारा मायाच गळ्यात पडला. सहा सालं झाली. ज्याची पाळी तो येते, बिडी ओढते, अन् ‘नाना, तुमी हाच ना’ म्हून घरी जाते. त्या रातींनी म्या तळ्यावर कोन कोन पाह्यलं, कोन्या जाळ्यानं पाह्यलं, ते मले मालूम हाये. नावं सांगत नाही. तुमी मले पहाऱ्याले ठेवलं होतं, चहाडीले नाही.”

आणि ते खाली बसले.

आत इतकी शांतता झाली, की ओट्यावर टेकवलेल्या छत्र्यांतून ठिबकणारे पाणी ऐकू येऊ लागले. कोणी तरी खोकले. अध्यक्षांनी ठराव पुन्हा वाचला आणि बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. मी गजांतून पाहत होतो. काही हात सरळ वर गेले. काही कोपरापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, डोके खाजवल्यासारखे. सचिवाने दोनदा मोजले. ठरावाला छत्तीस हात हवे होते, भरले एकतीस. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, “पाच कमी.” मी म्हटले, “तुम्ही सभासद ना? मग आत का नाही गेलात?” तो म्हणाला, “पायाले गोळे येते, बसवत नाही.” पण ओट्यावर तो अडीच तास बसला होता!

अध्यक्ष रागावले नाहीत, हे मला विशेष वाटले. त्यांनी पाणी मागितले, आणि मग दुसरा ठराव मांडला. प्रत्येकाने आपल्या घरचे बारीक आसाचे जाळे आठ दिवसांत संस्थेत जमा करावे, आणि पाहरा पाळीप्रमाणेच व्हावा. न येणाऱ्याच्या वाट्यातून रक्कम कापून ती पाहरा करणाऱ्याला द्यावी. हा ठराव आवाजी मताने मंजूर झाला. पहिले जाळे नानांनी आणून टाकले. आठ दिवसांत एकूण अकरा जाळी जमली, असे सचिवाने कळवले. सहा वर्षांतल्या त्या रात्रींचा हिशोब अकरात बसत नसावा. पण मोजदाद करणारा मी कोण?

एवढ्यावर हे प्रकरण संपले असे मी धरून चाललो होतो. पण नवरात्राच्या सुट्टीआधी महाविद्यालयाच्या जिन्यात तो मुलगा भेटला. हातात ओली पिशवी होती. माझ्या मनात चोर होताच. म्हटले, आता सांगून टाकावे.

“अरे, ती नोटीस...”

“तुमीच लिहिली होती. मालूम हाये, सर.”

“कोणी सांगितलं? सचिवाने?”

“कोनी नाही.” तो हसला. “आमच्या गावच्या कागदात स्वल्पविराम नसते, सर. त्या नोटिशीत सात होते. म्हून तर तुमच्याकडं आनली. म्हटलं, ज्यानं लिहिली त्यालेच अर्थ पुसावा.”

“आणि नानांना?”

“बाबाच म्हणाले होते, त्याईच्याचकडं चाल.”

आषाढातल्या त्या संध्याकाळी फाटकाबाहेर भिजत उभा राहिलेला, पाय चिखलाचे म्हणून आत न आलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. मी काहीतरी बोलायचे म्हणून पिशवीकडे बोट दाखवून विचारले, “रोहू का रे? किती झाले याचे?”

“बाबा म्हणाले, पैसे घेऊ नको. आधी सरांची लिहिणावळ किती झाली, ते पूस.”

मी खिशात घातलेला हात तसाच राहिला. दोन कागदांपैकी एकाची लिहिणावळ तर मी आषाढातच खाऊन बसलो होतो.